शेतासाठी बंदूक आणि शिकारीचा कायदा: दोन वेगळे कागद

रात्री रानडुकरांचा कळप शिरतो आणि सकाळी मक्याचे निम्मे रान आडवे झालेले दिसते. पंचनामा होईल तेव्हा होईल, भरपाई मिळेल तेव्हा मिळेल. अशा वेळी गावात कोणी ना कोणी सुचवतेच की, घरात परवान्याची बंदूक आहे, मग वाट कसली बघता? बंदूक नसेल तर सल्ला बदलतो: कुंपणाला करंट सोडा, फासे लावा, गावठी बॉम्ब ठेवा.

हा सल्ला देणाऱ्यावर गुन्हा दाखल होत नाही. ऐकणाऱ्यावर होतो. म्हणून बंदूक कोणाला मिळते, ती मिळाल्यावर काय करता येते, काय करता येत नाही आणि पिकाच्या नुकसानीसाठी दुसरे कोणते मार्ग खुले आहेत, ते येथे दिले आहे. माहिती संपूर्ण भारतासाठी आहे. वन विभागाची कार्यपद्धती आणि भरपाईचे दर राज्याप्रमाणे बदलतात. त्यामुळे बेळगाव, बऱ्हाणपूर किंवा आदिलाबादकडच्या मराठी वाचकांनी महाराष्ट्राचे नियम आपल्याला लागू आहेत असे धरून चालू नये.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळतो आणि तो साधारणपणे जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात. जेथे पोलीस आयुक्तालय आहे अशा शहरांत तो पोलीस आयुक्त देतात. वन्य प्राणी मारण्याची परवानगी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली मिळते आणि ती वन विभाग देतो. कार्यालये दोन, कायदे दोन, कागदही दोन. पहिला कागद हातात असला म्हणजे दुसरा आपोआप मिळत नाही. परवान्यावर ‘पीक संरक्षण’ असे स्पष्ट लिहिलेले असले, तरीही नाही.

परवाना कोणाला मिळतो

भारतात बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्क नाही. परवान्याशिवाय बंदूक घरात असणे हाच गुन्हा आहे, मग ती कधी वापरलेली असो वा नसो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे. गावठी बंदूक तयार करणे, विकणे किंवा परवान्याशिवाय दुरुस्त करून देणे याला त्याहून कडक शिक्षा आहे: किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप. लोहारकाम करणाऱ्यांनी हे मुद्दाम वाचावे. ‘फक्त घोडा नीट करून दिला’ असे सांगून सुटका होत नाही.

शेतकऱ्यासाठी मात्र कायद्यात खास तरतूद आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय आहे. ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून गजाने ठासायची जुनी बंदूक. तेवढ्याने पिकाचे संरक्षण होणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा, उदाहरणार्थ बारा बोअरचा, परवाना देऊ शकतो. पीक संरक्षणासाठी पिस्तूल मिळत नाही.

अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. अर्ज नमुना ए-१ मध्ये करायचा असतो. ओळखपत्र, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा, छायाचित्रे, शारीरिक व मानसिक आरोग्याबाबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, बंदूक सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी, असे कागद लागतात. पीक संरक्षणाचे कारण दिले असेल, तर जमीन तुमची आहे हे दाखवावे लागते. त्यासाठी महाराष्ट्रात सातबारा, मध्य प्रदेशात खसरा, कर्नाटकात पहाणीपत्रक, तेलंगणात पट्टादार पासबुक लागेल. नुकसानीचे जुने पंचनामे असतील तर तेही जोडा. ‘जनावरांचा त्रास आहे’ या वाक्यापेक्षा दोन हंगामांचे पंचनामे अधिकाऱ्याला जास्त सांगतात.

अर्ज पोलिसांकडे चौकशीला जातो. त्यांचा अहवाल आल्यावर परवाना अधिकारी निर्णय घेतो. परवाना नाकारला, तर कारणे लेखी मागा. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने ती न देण्याची मुभा अधिकाऱ्याला आहे, पण एरवी ती द्यावी लागतात. आदेशाविरुद्ध अपील करता येते. अपिलाची मुदत थोडी असते, म्हणून आदेश हाती पडताच त्यावरची तारीख पाहा.

परवाना मिळाल्यावर त्याची नोंद एनडीएएल-एएलआयएस या राष्ट्रीय माहितीकोशात होते आणि तुम्हाला एक युनिक ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक नसलेला जुना परवाना वैध धरला जात नाही. वडिलांच्या काळातला कापडी बांधणीचा परवाना पेटीत जपून ठेवला असेल, तर तो एकदा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत दाखवून घ्या. दलालाकडून ‘दुसऱ्या राज्यातून काढून देतो’ म्हणून परवाना घेऊ नका. नोंद माहितीकोशात तपासता येते आणि खोटा परवाना म्हणजे विनापरवाना बंदूकच.

परवान्याची मुदत आता ५ वर्षे आहे, पूर्वी ती ३ होती. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी करावा. एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. पीक संरक्षणाच्या बंदुकीबाबत परवान्यावर जेवढे क्षेत्र लिहिले आहे तेवढ्यापुरतीच ती वापरायची असते. शेजारच्या गावात लग्नाला जाताना ती खांद्यावर टाकून नेणे चालत नाही. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढणे हा तर आता स्वतंत्र गुन्हा आहे: २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आजोबांची बंदूक

हा प्रश्न फार घरांत आहे. परवानाधारक वारल्यावर त्याचा परवाना वारसाच्या नावे आपोआप होत नाही. तेव्हा बंदूक घरात ठेवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. त्यानंतर कायदेशीर वारसाला स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवानाधारक हयात असतानाही, त्याचे वय ७० झाले किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे झाली, तर वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. भावाभावांत एकमत नसेल तर आधी ते करून घ्या, कारण इतर वारसांची हरकत नाही याचा कागद मागितला जातो. कोणालाच बंदूक नको असेल तर विक्रेत्याकडे देऊन टाकणे सर्वांत सोपे.

निवडणुकीच्या काळात बंदुका जमा करण्याचे आदेश निघतात. पीक उभे असताना असा आदेश आला तर शेतकऱ्याची अडचण होते, हे खरे आहे. अशा वेळी बंदूक लपवू नका. जिल्ह्याच्या छाननी समितीकडे सूट मिळण्यासाठी कारणासह लेखी अर्ज द्या, आणि सूट मिळाली नाही तर जमा करून पावती जपा.

कायद्यातली ‘शिकार’

या पानाचे मराठी करताना सर्वांत जास्त थांबावे लागले ते ‘शिकार’ या शब्दापाशी. आपल्या बोलण्यात शिकार म्हणजे जनावर मारणे. कायद्यात तिचा अर्थ बराच मोठा आहे. वन्य प्राण्याला मारणे किंवा विष घालणे ही शिकार आहेच. पण पकडणे, फास लावणे, जाळे किंवा सापळा मांडणे, हाका घालून पळवणे, आमिष ठेवणे, जखमी करणे, त्याच्या अंगाचा कोणताही भाग काढून घेणे, पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी काढणे, घरटी विस्कटणे हेही शिकारीतच मोडते. आणि यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्नसुद्धा. फास रिकामा सापडला तरी गुन्हा होऊ शकतो, तो याच कारणाने.

कायद्याच्या कलम ९ ने पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या सर्व वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. वाघ, बिबट्या, हत्ती, गवा, अस्वल, काळवीट, मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. कोकण, गोवा आणि दक्षिणेत दिसणारे लाल तोंडाचे माकडही आता तेथेच आहे. रानडुक्कर आणि नीलगाय, म्हणजे आपला रोही, दुसऱ्या अनुसूचीत आहेत. अनुसूचींची सध्याची रचना २०२२ च्या दुरुस्तीने झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुन्या पुस्तिकेत सहा अनुसूची दिसल्या, तर ती पुस्तिका बाजूला ठेवा.

पूर्वी शिकारीचे परवाने मिळत असत, हेही खरे. १९७२ च्या मूळ कायद्यातही मोठ्या आणि लहान शिकारीच्या परवान्यांची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. आज हौसेसाठी किंवा मांसासाठी वन्य प्राणी मारण्याचा परवाना भारतात कोणालाही, कितीही फी भरून, मिळत नाही. छऱ्याच्या साध्या एअरगनला, म्हणजे ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या, परवाना लागत नाही. त्यामुळे ती मुलांच्या हातात सर्रास दिसते. बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून त्या बंदुकीने तितर किंवा पोपट पाडायला परवानगी आहे, असा अर्थ होत नाही.

आदिवासी बांधवांसाठी एक वेगळा खुलासा. वन हक्क कायदा, २००६ ने परंपरेने चालत आलेले अनेक हक्क मान्य केले आहेत, पण शिकार करणे, सापळे लावणे आणि वन्य प्राण्याच्या अंगाचा भाग काढणे हे त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. वैयक्तिक किंवा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला असला तरी सणाची सामूहिक शिकार त्यात बसत नाही. निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क कायद्याने राखून ठेवले आहेत. तो अपवाद तेवढ्यापुरताच. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे, २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. तीसुद्धा बंदूक बाळगण्याची सूट आहे. कोडगूतही रानडुक्कर मारायला वन विभागाची परवानगी लागते. बंदुकीचा आणि जनावराचा कागद किती वेगळा आहे, ते यावरून कळावे.

परवानगी केव्हा मिळू शकते

कलम ११ मध्ये वाट आहे, पण ती अरुंद आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी अथवा आजारी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्याबाबत आदेश देऊ शकतात. पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे सोडणे शक्य नाही अशी खात्री झाल्याखेरीज मारण्याचा आदेश देता येत नाही. पिकाचे नुकसान हे कारण येथे चालतच नाही. म्हणजे हत्तीने भात तुडवला किंवा गव्याने बाग मोडली, तरी बंदुकीचा मार्ग तुमच्यासाठी बंद आहे.

दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत मात्र ‘मालमत्तेला धोका’ हेही कारण चालते आणि त्यात उभे पीक कायद्यानेच धरलेले आहे. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत हे अधिकार वनक्षेत्रपालांना, म्हणजे रेंजर साहेबांना, दिलेले आहेत. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेले. तुमच्या राज्यात हे अधिकार कोणाला आहेत ते वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा.

अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. गट क्रमांक, पीक, नुकसान आणि प्राणी यांचा उल्लेख करा. परवानगी हातात आल्यावर ती पूर्ण वाचा: कोणता प्राणी, किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या जागेत आणि गोळी कोण घालणार. ज्याच्या नावे बंदुकीचा परवाना आहे त्यानेच ती चालवायची. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता होते. ते वन कर्मचाऱ्यांना दाखवावे लागते, पंचनामा होतो आणि ते सांगतील तशी विल्हेवाट लागते. मटण घरी नेणे, वाटणे, विकणे हा गुन्हाच. परवानगी रीतसर असूनही माणसे अडकतात ती बहुधा येथे.

अभयारण्याच्या जवळ राहत असाल तर आणखी दोन गोष्टी. अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन विभागाकडे नावाची नोंद करायची असते. आणि या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय दिला जात नाही. अर्ज लांबला तर कारण हे असू शकते.

‘रानडुकराला उपद्रवी जाहीर केले, आता मोकळे रान आहे’ असे संदेश मोबाईलवर फिरतात. कलम ६२ खाली केंद्र सरकार दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याला ठरावीक भागापुरते आणि ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी जाहीर करू शकते. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुकरांसाठी, उत्तराखंडमध्ये रानडुकरांसाठी आणि शिमल्यात माकडांसाठी २०१५-१६ मध्ये असे झाले होते, तेही ठरावीक मुदतीपुरते. तुमच्या जिल्ह्याचे नाव आणि चालू मुदत असलेली अधिसूचना वन कार्यालयात पाहिल्याशिवाय अशा संदेशावर विसंबू नका.

जनावर अंगावर आले तर

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्हेतूने, वन्य प्राणी मारला गेला किंवा जखमी झाला तर तो गुन्हा नाही. कलम ११ मध्ये तसे स्पष्ट आहे. ही सूट जिवासाठी आहे, पिकासाठी नाही. तुम्ही त्या वेळी दुसरा काही गुन्हा करत असाल, जसे फास लावायला गेला असाल, तर ती मिळत नाही. घटना लपवू नका, जनावर पुरू नका. लगेच वन विभागाला आणि पोलिसांना कळवा.

करंट, फासे आणि बॉम्ब

बंदुकीपेक्षा जास्त घरे यात उद्ध्वस्त होतात, म्हणून हे सविस्तर. कुंपणाच्या तारेत घरगुती किंवा पंपाच्या लाइनचा करंट थेट सोडणे ही कायद्याने शिकार आहे. आकडा टाकून वीज घेतली असेल तर वीज कायद्याखाली चोरीचा गुन्हाही लागतो. त्या तारेला माणूस चिकटला, आणि बहुतेकदा तो शेजारचा शेतकरी, पहाटे पाणी द्यायला निघालेला मजूर किंवा घरातलाच मुलगा असतो, तर भारतीय न्याय संहितेखाली मृत्यूस कारणीभूत झाल्याचा खटला उभा राहतो. स्फोटकांचेही तसेच. मे २०२० मध्ये केरळात पालक्काड भागात स्फोटके भरलेले फळ खाऊन एक गाभण हत्तीण मेली. असा सापळा रानडुकरासाठी ठेवला असला, तरी कोण तोंड घालेल हे ठेवणाऱ्याच्या हातात नसते.

झटका मशीनचे सौर कुंपण वेगळे. त्यात थांबून थांबून क्षणभराचा झटका बसतो, त्याने जनावर मागे फिरते, मरत नाही. मान्यताप्राप्त यंत्रच घ्या आणि त्याला मेन लाइन जोडू नका. काही राज्यांत अशा कुंपणाला अनुदान मिळते. हिमाचल प्रदेशात मुख्यमंत्री खेत संरक्षण योजना आहे. महाराष्ट्रात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना मदत मिळते.

शिक्षा

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. इतर गुन्ह्यांना साधारणतः ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वापरलेली बंदूक आणि गाडी जप्त होऊ शकते, आणि न्यायालय बंदुकीचा परवाना रद्द करून पुढची ५ वर्षे नवा मिळणार नाही असा आदेश देऊ शकते. घरातल्या कोणाला अटक झाली तर मोफत वकील मागा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता तो मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

नुकसानीचे पैसे

पिकाची भरपाई राज्य सरकार देते. नुकसान दिसताच, शेत साफ करण्याआधी, वनरक्षकाला कळवा. ठसे, मोडलेले पीक आणि शेताची ओळख पटेल असे फोटो काढा. महाराष्ट्रात वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. मात्र फोन केला म्हणजे अर्ज झाला असे नाही. लेखी अर्ज, सातबारा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत द्यावीच लागते. पंचनाम्यावर सही करण्याआधी क्षेत्र आणि नुकसानीचा आकडा वाचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

वन्य प्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला किंवा कायमचा अपंग झाला, तर केंद्राने ठरवलेली मदत १० लाख रुपये आहे, डिसेंबर २०२३ मध्ये ती ५ लाखांवरून वाढवली. गंभीर जखमीला २ लाख रुपये आणि किरकोळ जखमांच्या उपचारासाठी २५ हजारांपर्यंत मदत आहे. राज्ये याहून जास्त देऊ शकतात.

पीक विम्यात नवी सोय आली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्य प्राण्यांमुळे होणारे नुकसान जादा संरक्षण म्हणून घेण्याचे जाहीर केले, ते खरीप २०२६ पासून. कोणते प्राणी आणि कोणते भाग यात येतील हे राज्ये अधिसूचित करतात, त्यामुळे विमा भरतानाच आपला भाग यादीत आहे का ते विचारा. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत पीक विमा अ‍ॅपवर ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोंसह कळवायचे आहे. अ‍ॅप चालवता येत नसेल तर पीक विम्याच्या १४४४७ या क्रमांकावर विचारा. फोन करताना विमा अर्जाचा क्रमांक आणि गट क्रमांक जवळ ठेवा, आणि मिळालेला तक्रार क्रमांक पासबुकाच्या मागे लिहून ठेवा.